दबलेलं आणि कापलेलं

संपादक मित्रानं कविता मागितली होती. कविता आत्ता होत नाही. गेले दोन महिने डोक्यात एक लाकूड फिरतंय, ते आधी बाहेर काढतो. कविता पुढच्या अंकात. अंक निघाला तर.

आपल्या भाषेत मोडकं नीट करायला शब्द किती आहेत बघा. डागडुजी, दुरुस्ती, ठिगळ, मलमपट्टी. आणि देऊळ असलं तर जीर्णोद्धार. काम तेच. कुजका वासा काढायचा, नवा घालायचा. पण गरिबाच्या छपराची डागडुजी होते आणि देवळाचा उद्धार होतो. हा 'उद्धार' शब्द आला की माझ्या अंगाला खाज सुटते. अस्पृश्योद्धार, हरिजनोद्धार, दलितोद्धार. उद्धार करणारा वर उभा, उद्धार होणारा खाली. वरचा हात खाली घालणार आणि वर फोटो निघणार. आमच्या वस्तीत मात्र 'उद्धार केला' म्हणजे आईबहिणीवरून शिव्या घातल्या. मला वस्तीचा अर्थ जास्त खरा वाटतो.

प्रश्न सरळ मांडतो. जुनी वस्तू नीट करायला घेतली की तिच्यावरचं काय काय पुसायचं? फट सांधायची, ठीक. पण वळ? खोक? हाताच्या घामाचा काळा डाग? पुसलं तर वस्तू देखणी होते आणि तिचं तोंड बंद होतं. नाही पुसलं तर गिऱ्हाईक पैसे देत नाही. आणि पुसायचं की ठेवायचं हे ठरवणार कोण? ज्याची वस्तू तो, ज्याचे हात तो, की ज्याच्यावर ती वस्तू उगारली गेली तो? पहिल्या दोघांची निदान बोलाचाली होते. तिसऱ्याला कुणी विचारत नाही. म्हणून हे लिहिणं.

वस्तू म्हणजे बारा बोअरची दुनळी बंदूक. जुनी, बाहेरून घोडे असलेली. नळ्यांच्या पोटाखाली बर्मिंगहॅमच्या तपासणीघराचे ठसे. ते तपासणीघर 1813 सालापासूनचं आहे. तिथं नळीत जादा दारू भरून बार काढून बघतात, आणि नळी टिकली तरच ठसा मारतात. लोखंडाची अशी परीक्षा होते. लाकडाची होत नाही. लाकडाची परीक्षा नंतर, आयुष्यभर. माझा विषय लाकूडच आहे. दस्ता. बंदुकीचा जो मागचा भाग खांद्याला टेकतो तो. चांगल्या बंदुकीला तो अक्रोडाचा असतो, कारण अक्रोड हलका, चिवट, आणि कोरायला वागवून घेणारा.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. बंदूक दुरुस्त करायलासुद्धा सरकारी परवाना लागतो. 1959 च्या कायद्यात बनवणं, विकणं यांच्या जोडीला दुरुस्त करणं हेही आहे. तेव्हा हा लेख वाचून कुणी खोलीवर आजोबाची बंदूक उघडून बसू नये. माझा मामा परवाना असलेल्या एका दुकानात दस्त्यांचं काम करतो. नळ्या आणि लोखंड दुकानाच्या कपाटात कुलपात. सुट्टीच्या दिवशी मी त्याच्याशेजारी बसतो, आणि मी हात लावला तो नुसत्या लाकडाला.

पण हात लावला. आणि तिथंच मला इतिहास आठवायला लागला, आम्हाला ती खोडच आहे. 1878 चा हत्यारांचा कायदा आला तेव्हा हिंदी माणसाला परवाना लागायला लागला आणि गोऱ्याला सूट होती. पुस्तकात एवढंच वाचायला मिळतं. परवाना मिळालेला हिंदी माणूस गावात कुठं राहत होता ते पुस्तक सांगत नाही. तो वाड्यात राहत होता. गावकुसाबाहेरच्या माणसाला बंदूक मिळायची ती पलटणीतच. कोरेगावला 1818 साली होती, त्यानंतर बॉम्बे आर्मीत पिढ्यान् पिढ्या होती. मग 1892 च्या सुमारास इंग्रजांनी 'लढाऊ जाती'चं खूळ काढून आमची भरती बंद केली. गोपाळबाबा वलंगकर, स्वतः पलटणीतले पेन्शनर, त्यांनी 1894 साली अर्ज लिहिला. 1910 साली शिवराम जानबा कांबळे यांनी लिहिला. महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा 1917 ला 111 वी महार पलटण उभी केली, आणि गरज सरल्यावर 1921 ला मोडली. शेवटी 1941 ला बेळगावात महार रेजिमेंट निघाली. मोडली, जोडली, मोडली, जोडली. पन्नास वर्षं अर्ज कशासाठी, तर एक लाकूड खांद्याला टेकवायला मिळावं म्हणून. आणि आज माझा मामा दिवसभर तसली लाकडं मांडीवर घेऊन बसतो. पण ती दुसऱ्याची.

मामा लाकडात कसा आला तेही सांगायला हवं, कारण सुतारकी आमच्या वाट्याची नव्हती. गावगाड्यात सुताराचं बलुतं वेगळं, आमचं वेगळं. मामा शिकला मुंबईत, गिरणीच्या सुतारखात्यात. धोटे, मारायच्या काठ्या, बाबिनींच्या पेट्या, सगळं लाकूडकाम तिथं व्हायचं. 1982 च्या जानेवारीत संप सुरू झाला तेव्हा तो पंचविशीत होता. संपानंतर त्याची गिरणी काही नीट उघडली नाही. बऱ्याच वर्षांनी या दुकानात आला. शेटला सुतार हवा होता, जात विचारली नाही. निदान तोंडावर विचारली नाही.

आणि हा धोटा! आताच्या साच्यावर मी काम करतो तिथं धोटा नाही, हवेच्या झोतानं सूत पलीकडं जातं. मामाच्या घरी एक जुना धोटा आहे, दोन्ही टोकांना लोखंड, मधे लाकूड, पोटाला एक बारीक भोक. बाबीन संपली की नव्या बाबिनीचं सूत त्या भोकातून तोंडानं चोखून ओढायचं. एकाचं तोंड, मग दुसऱ्याचं तोंड, त्याच लाकडाला. एवढ्या कारणावरून साचेखात्यात अस्पृश्याला काम मिळत नसे. आणि साचेखात्यात तर पगार जास्त. 1928 च्या संपात बाबासाहेबांनी हा सवाल उघड उभा केला तेव्हा मजुरांच्या एकीची गाणी गाणाऱ्यांच्या तोंडाला जरा कोरड पडली. सगळे सर्वहारा, पण थुंकी आपापली.

हे बंदुकीत कुठून आलं म्हणाल. दस्त्याच्या वरच्या कडेला नेम धरताना गाल टेकवतात. नुसता टेकवत नाहीत, दाबून धरतात. शंभर वर्षं तिथं गाल टेकले की लाकूड घामानं आणि कातडीच्या तेलानं काळं, गुळगुळीत होतं. ती जागा मामा बोटानं तपासतो, खरवडतो, हातानं तेल चोळतो. वाड्यातल्या माणसाचा गाल आता मामाच्या तळहातावर आहे. धोट्याला ओठ चालत नव्हता, दस्त्याला हात चालतो. विटाळ लाकडाला लागतच नाही, तो पगाराला लागतो. जिथं पैसे जास्त तिथं विटाळ लवकर होतो, असं माझं निरीक्षण आहे.

आता मोडलेल्याकडं येऊ.

या दस्त्याच्या मनगटाला पितळेचा पत्रा गुंडाळून बारीक खिळे मारलेले होते. वर तार. गावच्याच कुणा कारागिराचं काम, बहुतेक बलुत्यावर केलेलं. मामानं ते काढताना शिवी दिली नाही. म्हणाला, "बेस केलंय. जेवढं व्हतं त्याच्या जवळ तेवढ्यात केलंय." पत्र्याखाली दोन चिरा होत्या. पहिली लोखंडाच्या मागून निघून लाकडाच्या रेषेबरोबर सरळ गेलेली. दुसरी मनगटात तिरकी, रेषा तोडून गेलेली.

पहिलीचं कारण मामानं मला दाखवलं आणि त्या दिवसापासून मला सुधारक लोकांचा राग नीट शब्दांत करता येतो. बार उडाला की बंदूक मागं लाथ मारते. ती लाथ लोखंडातून लाकडात आणि लाकडातून खांद्यात जाते. लोखंड लाकडात कोरून बसवलेलं असतं, ते सगळीकडं सारखं टेकलं पाहिजे. म्हणजे लाथ वाटली जाते. पण वरून मनगटावर लोखंडाची जी शेपटी येते तिच्या टोकामागं कागदाएवढी जागा मोकळी पाहिजे. ती जागा नसली, किंवा बाकीचं लाकूड झिजून सगळा भार त्या एका टोकावर आला, तर दर बाराला ते टोक पाचरीसारखं घुसतं. एक दिवस लाकूड चिरतं. मग लोक म्हणतात लाकूड कच्चं होतं.

अशा चिरेत सरस भरला, नाहीतर आजचा इपॉक्सी भरला, वरून पॉलिश मारलं, तर दहा बारांत ती पुन्हा उघडते. कारण चीर लाकडात दिसते आणि दोष बसवणुकीत असतो. मामा काय करतो? दिव्याच्या ज्योतीवर लोखंड धरून त्याला काजळी लावतो. लोखंड लाकडात बसवतो, अलगद काढतो. लाकडावर जिथं काळं उमटलं तिथं टेकतंय. पटाशीनं तेवढंच केसभर काढतो. पुन्हा काजळी, पुन्हा बसव, पुन्हा काढ. वीसदा, तीसदा. शेवटी सगळीकडं सारखं काळं उमटलं पाहिजे. शेपटीच्या टोकामागं मात्र उमटता कामा नये. मगच चिकटवायला घ्यायचं.

जातीच्या बाबतीत मला हेच म्हणायचं आहे. समाजाला चीर गेली म्हणून शंभर वर्षं सहभोजनं चालली, व्याख्यानं चालली, वरून पॉलिश. लाथ कुठून येते आणि सगळा भार कोणत्या टोकावर घेतला जातो हे काजळी लावून बघायची कुणाची तयारी नव्हती. बाबासाहेबांनी बघितलं. लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी 1936 साली त्यांनी भाषण लिहिलं, त्यात काळं कुठं उमटतं ते बोट ठेवून दाखवलं. शास्त्रांच्या अधिकारावर उमटतं. मंडळानं भाषणच रद्द केलं. त्यांना चीर बुजवून हवी होती, लोखंड काढून बघायला नको होतं. भाषण बाबासाहेबांना स्वतःच्या पैशानं छापावं लागलं. आपण सायक्लोस्टाइलची शाई अंगाला लावून घेतो तेव्हा हे लक्षात ठेवावं.

आता चिकटवण्यातली एक अडचण, तीही ऐकण्यासारखी. बंदूक वर्षानुवर्षं नळ्या वर करून उभी ठेवली की लोखंडाला लावलेलं तेल हळूहळू खाली झिरपतं आणि दस्त्याच्या तोंडाशी लाकडात मुरतं. लाकूड काळं, मऊ, दमट होतं. तेलात मुरलेल्या लाकडाला कुठलाच सरस धरत नाही. लोखंडाची देखभाल होती, तिचा हा लाकडावरचा परिणाम. म्हणून आधी तेल बाहेर काढायचं. खडूची पूड थिनरमधे कालवून लेप द्यायचा, वाळू द्यायचा. वाळताना तो तेल ओढतो, पिवळा पडतो. झाडायचा, पुन्हा द्यायचा. या दस्त्याला नऊ लेप लागले. दहाव्याला खडू पांढरा राहिला. मग चीर किंचित उघडून आत सरस ढकलायचा आणि सायकलच्या ट्यूबची पट्टी कापून ताणून ताणून गुंडाळायची. ट्यूबसारखा सारखा दाब कुठल्याच शिकंज्याचा येत नाही. तिरक्या चिरेत आडवी पितळेची आट्याची कांडी बसवली, तिचं तोंड लाकडाच्या गुंडीनं बंद. सांधा उजेडात धरला तर एक बारीक रेघ दिसते. मामा म्हणतो, ती दिसू दे. पुढच्या कारागिराला कळायला नको का?

पण मला झोप लागू देत नव्हती ती दुसरी, तिरकी चीर. ती लाथेची नाही. मामानं बघताच सांगितलं, "ही बाराची न्हाई. आडवा दणका हाय." बंदूक नळीकडून धरून काठीसारखी फिरवली आणि दस्ता कशावर तरी आदळला, की लाकूड मनगटातच असं तिरकं मोडतं. तिथंच ते सगळ्यात बारीक असतं. पडूनही मोडतं. आणि बुडाच्या कडेला, डाव्या अंगाला, एक खोक होती. अर्ध्या बोटाएवढी, खोल. आजूबाजूला चार-पाच पोचे.

गिऱ्हाईक वाड्यातल्या घराण्यातला तरुण मुलगा. माझ्याच वयाचा असेल. बोलायला गोड, मामाला काका म्हणायचा. वडील वारल्यावर परवाना स्वतःच्या नावावर करून घेतला होता. म्हणाला, "काका, पणजोबांच्या वेळी होती तशी झाली पाहिजे. हॉलमधे लावायचीय. खरचटलेलं काही दिसायला नको." मामानं मनगटाचं विचारलं. तो म्हणाला, "पडली असेल जीपमधून."

असेल. जीपमधून पडतात बंदुका.

आमच्या गावाकडचे म्हातारे एक गोष्ट सांगतात. पाणवठ्याची. गावोगावी ही गोष्ट असते, साल वेगळं, विहीर वेगळी. आमच्या गोष्टीत वाड्यावरचा माणूस बंदूक घेऊन आला आणि बार न काढता उलटी धरून दस्त्यानं मारलं. काडतूस महाग होतं म्हणून, असं सांगून म्हातारे हसायचे. लहानपणी मीही हसायचो. ही ती बंदूक नाही. हा वाडा दुसऱ्या जिल्ह्यातला. पण माझ्या डोक्यात ती गोष्ट त्या खोकेत जाऊन बसली आणि निघेना.

पोचे काढायचा दिवस आला. ही कृती साधी आहे, कुणीही पाट-पोळपाटावर करून बघावी. लाकूड दाबलं जातं तेव्हा आतले तंतू मोडत नाहीत, चेपले जातात. ओलं फडकं त्या जागी ठेवायचं, वरून कडक इस्त्री टेकवायची. चर्र करून वाफ आत शिरते, चेपलेला तंतू फुगतो आणि खड्डा वर येतो. एकदा, दोनदा, चारदा. मी फडकं धरलं होतं. डोळ्यांदेखत पोचा भरून आला. पन्नास-साठ वर्षांचा पोचा असेल, पाच मिनिटांत सपाट. मी खुळ्यासारखा बघत राहिलो. मग मी फडकं खोकेवर ठेवलं. मामानं इस्त्री टेकवली नाही. "त्ये न्हाई उठायचं. दबलेलं उठतं. कापलेलं न्हाई. तिथला तंतूच तुटलाय, फुगायला हाय काय?"

दलित या शब्दाचा अर्थ आपण पोरांना सांगतो—दळलेला, भरडलेला, चेपलेला. खरं आहे. आणि वाफ दिली की आपण उठतो हेही खरं आहे. माझी आई अंगठा होती, मी लेख लिहितोय. एका पिढीत भरून आलेले खड्डे मी बघितलेत आणि ज्यांना ते दिसत नाहीत त्यांच्याशी मी भांडतो. पण आपल्यातलेच काही शिकलेले लोक आता म्हणतात की सगळं भरून आलं, किती दिवस उगाळत बसायचं. त्यांना मी एवढंच विचारतो, तंतू तुटला त्याचं काय? जी माणसं पाणवठ्यावर मेली ती वाफेनं उठतात? ज्यांची नावं कुठल्या कागदावर आलीच नाहीत त्यांना कुठून फुगवणार? शिक्षण, नोकरी, राखीव जागा ही सगळी वाफ आहे आणि ती पाहिजेच. पण तिनं खोक भरत नाही.

खोकेचं काय करतात ते मामानं सांगितलं. एक तर आजूबाजूचं सगळं लाकूड घासून खोकेच्या तळापर्यंत खाली न्यायचं. घासायला सोपं, पण मग लाकूड पातळ पडतं, बुडाच्या पत्र्याची कड बाहेर येते, खांदा कापते. आणि गेलेलं लाकूड परत येत नाही. दुसरं, तेवढा तुकडा कोरून काढून नवा तुकडा बसवायचा. कोरून काढला की खोक गेलीच, तिच्या कडाही गेल्या. तिसरं, लाकडाचा भुसा आणि सरस कालवून लिंपायचं. ते दगड होतं, कधी निघत नाही.

मी म्हटलं, "मामा, तशीच ठेव. तेल लाव आणि ठेव. टांगू दे त्याला हॉलमधे. पाहुणे बघतील."

"काय बघत्याल?"

"साक्ष."

मामा हसला. "कुणाची साक्ष? आरं, लाकूड मला दणका कुठनं आला ते सांगतं. किती जोराचा ते सांगतं. कुणावर, ते न्हाई सांगत. जात्याच्या दगडावर बी आदळला आसंल. तुला ठावं हाय?"

मला ठावं नाही. आणि खोटी साक्ष उभी करायची आपल्याला गरजही नाही, खऱ्याच इतक्या आहेत की ऐकायला कोर्टं पुरत नाहीत. मामाचं हे मी मानलं. पण त्यातून गिऱ्हाइकाचं म्हणणं बरोबर ठरत नाही. मामा म्हणतो माहीत नाही म्हणून बोलू नको. गिऱ्हाईक म्हणतो माहीत नाही म्हणून पुसून टाका. या दोन गोष्टी एक नाहीत. ज्या खुणेचा अर्थ आपल्याला माहीत नाही तिला हात लावायचा नाही, तो अर्थ माहीत नाही म्हणूनच. ज्याला माहीत आहे त्याला अजून कुणी विचारलेलं नाही. तो कदाचित त्या गावच्या वस्तीत खाटेवर पडला असेल. कदाचित त्याची नात असेल. आणि ती कदाचित म्हणेलही, पुसा बाबा, मला ते बघवत नाही. मग पुसावं. तिला तो हक्क आहे. पणतवाला नाही.

म्हणाल, वस्तू त्याची आहे. आहे. त्यानं ती विकावी, वितळवावी, नदीत टाकावी. पण 'पणजोबांच्या वेळी होती तशी' असं म्हणणं म्हणजे नुसतं वस्तूवर हक्क सांगणं नाही, काळावर हक्क सांगणं आहे. पणजोबांच्या वेळी ती तशी होती हे त्याला कुणी सांगितलं? कदाचित पणजोबांच्या वेळीच ती खोक पडली. घासून गुळगुळीत केलेला तो दस्ता कधीच अस्तित्वात नव्हता. तो जीर्णोद्धार नव्हे, नवा पणजोबा बनवणं आहे.

आणखी एक काटा आहे, तो घरातला. मामा रोज सकाळी त्रिशरण पंचशील म्हणतो. बुद्धानं उपासकाला जे पाच व्यापार वर्ज्य सांगितले त्यात पहिला हत्यारांचा आहे, मग प्राण्यांचा, मांसाचा, दारूचा, विषाचा. विहारात एकानं मामाला सगळ्यांसमोर हे ऐकवलं. मामा गप्प बसला. मला राग आला, पण रागानं प्रश्न सुटत नाही. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्याचा धम्म' मधे अहिंसा हे तत्त्व आहे, आंधळा नियम नाही असं मांडलंय. मारण्याची गरज वेगळी आणि मारण्याची इच्छा वेगळी. त्या आधारानं सैनिकाचं समर्थन होईल. रानडुकरांपासून पीक राखणाऱ्या शेतकऱ्याचंही होईल. हॉलमधे टांगायच्या बंदुकीचं काय? तिच्यात गरजही नाही, इच्छाही नाही, नुसता रुबाब आहे. मी मामाला विचारलं तेव्हा तो म्हणाला, "गिरणी चालू ऱ्हायली असती तर म्या धोटंच केलं असतं." याला सम्यक आजीविकेच्या चर्चेत उत्तर असेल तर कुणी जाणत्यानं पुढच्या अंकात लिहावं. आजीविका निवडायची असते हे गृहीत धरून सगळी चर्चा चालते, तिथं माझी गाडी अडते.

शेवटी खोकेचं झालं ते असं. शेटनं सांगितलं, बुजव. गिऱ्हाईक मोठं आहे. मामा नोकर माणूस. त्यानं बुजवली, पण भुसा-सरसानं नाही. रंगीत लाखेच्या कांडीनं. लाख गरम करून खोकेत उतरवली, कडांना पटाशी लावली नाही, वर घासून सारखी केली. लांबून दिसत नाही. जवळून बघणाऱ्याला दिसते. आणि उद्या कुणी गरम सुरी टेकवली तर लाख निघेल, खाली खोक आहे तशी, सगळ्या कडांसकट. मामाला वाटतं यात सगळ्यांचं झालं. मला ते पटलेलं नाही. झाकून जपलेलं खरं हे खरं असतं की झाकलेलं असतं, यावर आमचा वाद अजून चालू आहे. पण मामाचा पगार पणाला होता, माझा नव्हता, एवढं मी वाद घालताना विसरत नाही.

मग तेल. लाकडावर पाण्याचा हात फिरवला की केस उभे राहतात, ते वाळवून घासायचे, असं तीनदा. जवसाच्या पक्क्या तेलात रतनजोतीची मुळी टाकून ठेवली होती, तेल लालभडक झालेलं. तळहातावर चार थेंब. चोळायचं, हात गरम होईपर्यंत चोळायचं, जादा पुसायचं, दिवसभर ठेवायचं. जवसाचं तेल उडून वाळत नाही, हवा पिऊन घट्ट होतं. हवा पिताना तापतं. म्हणून तेलाची फडकी मामा कधी गोळा करून टाकत नाही. बोळा झालेलं फडकं आतल्या आत तापून आपोआप पेट घेतं. तेलकट कापूस कोपऱ्यात साठवू नये हे गिरणीत आम्हालाही पहिल्या दिवशी शिकवतात. दुकानाच्या मागं तारेवर ती लाल फडकी सुटी सुटी वाळत घातलेली असतात.

एकवीस दिवस तेल चाललं. अक्रोडाच्या रेषा अशा उमलल्या की मी, इतकं सगळं मनात असूनही, बघत राहिलो. लाकूड सुंदर होतं. ते मान्य करायला मला वेळ लागला, पण होतं.

मुलगा बंदूक न्यायला आला. दस्त्यावरून हात फिरवला, खूश झाला, मामाच्या हातात वर दोनशे रुपये ठेवले. मामानं सांगितलं, "नळ्या वर करून उभी ठिऊ नका साहेब, तेल पुन्हा लाकडात उतरतं." तो म्हणाला, भिंतीवर आडवी लावणार. मामा म्हणाला मग उन्हाची भिंत नको.